नवी चेन, जुने दाते

जळगावाहून शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत मी सायकलवर गेले हे ऐकलं की बायका पहिल्यांदा विचारतात, "पाय नाही का गं दुखले?" दुखले. पण त्या प्रवासात माझं लक्ष पायांकडे नव्हतंच. सगळा जीव कानांत होता आणि कान मागच्या चाकाकडे होते. आता सुट्टीवर घरी आले आहे, तर जे घडलं ते लिहून ठेवते. ज्यांना असं निघावंसं वाटतं आणि कुणी निघू देत नाही, त्यांच्यासाठी.

जळगाव

घरात आम्ही दोघंच, माझे वडील नाना आणि मी. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. नाना शिंपी. एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन. मी धुळ्याला राहून मिडवाइफचा कोर्स पुरा केला आणि शिरपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. मुलाखतीत डॉक्टरांनी कोर्सबद्दल फारसं विचारलंच नाही. "सायकल येते का?" एवढंच दोनदा विचारलं. आधीची नर्स पायी फिरून कंटाळली आणि सोडून गेली होती.

नानांना ही नोकरी नको होती. ते तसं म्हणत नव्हते. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता थांबायचे, भिंतीकडे बघायचे, पुन्हा खायला लागायचे. मला ते बघवेना. मी घरात येरझाऱ्या घालायची. एकदा ते म्हणाले, "शकू, एक जागी बस. फरशी झिजेल."

"मग सांगा ना काय ते."

"सांगतो. शिरपूरला जायचं तर सायकलवर जा. मी बरोबर येतो. तिथवर पोचलीस तर मी काही बोलणार नाही. वाटेत सायकलीनं दगा दिला किंवा तू दमलीस, तर एसटीत बसायचं आणि घरी यायचं."

मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं होतं मी विचार करीन.

माझी सायकल एका शिक्षिकेकडून घेतलेली, जुनी. चौकट दणकट, पण चेन सैल पडून लोंबायला लागली होती. धुळ्याला शिकत असताना माझी चेन इतक्यांदा तुटली होती की चेन बघायला मी आपोआप शिकले होते. पुढच्या दातेरी चाकावर चेन बसलेली असते, ती समोरच्या टोकाला चिमटीत धरून पुढे ओढायची. दातांवरून उचलली जाऊन आत अर्धा दात दिसला, तर ती चेन संपली. माझी उचलली जात होती.

सायकलच्या दुकानातले मारवाडी शेठ मला लहानपणापासून ओळखत. त्यांनी काउंटरवर दोन चेनी टाकल्या. एक चांदीसारखी चकचकीत, दुसरी काळी, तेलकट कागदात गुंडाळलेली.

"ही घ्या ताई. लेडीज सायकलला शोभून दिसेल," चकचकीत चेन पुढे करत ते म्हणाले.

मी दोन्ही चेनी एकेक करून आडव्या धरल्या, पट्ट्यांची बाजू जमिनीकडे करून. चकचकीत चेन ओल्या दोरीसारखी खाली लोंबली. काळी जराशीच वाकली. म्हणजे हिच्या कड्या आणि पिना घट्ट बसवलेल्या. मग प्रत्येक कडी बोटानं वाकवून पाहिली, एखादी अडते का ते. एकही अडली नाही. मी काळी घेतली.

शेठ हसले आणि मग गंभीर झाले. "चेन चांगली निवडली. पण मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हीलसुद्धा बदला. जुने दाते जुन्या चेनीबरोबर झिजलेत. नवी चेन त्यांच्यावर बसणार नाही, घसरेल. माझ्याकडचं संपलंय. आठवडाभरात माल येईल, थांबा."

थांबा! आठवडा थांबले असते तर हजर व्हायची मुदत टळली असती, आणि नानांचं ते भिंतीकडे बघणं आठवडाभर सोसावं लागलं असतं. मी त्याच दुपारी चेन चढवली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सुरेख चालली. सपाट जमिनीवर चालायचीच.

एरंडोलच्या चढावर

पहाटे निघालो तेव्हा गिरणेच्या पुलावर धुकं होतं. नाना पुढे, मी मागे. त्यांच्या कॅरिअरला पिशवी, माझ्या कॅरिअरला लोखंडी पेटी. नाना सरळ, एका लयीत पायडल मारतात, मशीन चालवल्यासारखे. माझं तसं नाही. मी जोरात जाते, मग धापा टाकते, मग पुन्हा जोरात.

पाळधीला चहा घेतला. नानांनी खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि दोन्ही चेनींवर थेंब सोडले.

"फार पातळ आहे हो, नाना. दुपारपर्यंत उडून जाईल."

"मशीन वर्षानुवर्षं चालतं ह्याच्यावर."

"मशीनला धूळ लागत नाही."

त्यांनी कुपी खिशात टाकली. वाद संपला. नाना वाद जिंकत नाहीत, नुसते थांबवतात.

दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. आम्ही गेलो की सरळ होऊन बघत आणि बापलेकीला सायकलींवर पाहून आपसात हसत. एरंडोल ओलांडलं आणि रस्ता चढू लागला. मी उभी राहून पायडल दाबलं आणि पायाखालून पायरी निसटावी तसं झालं. कट्! पायडल रिकामं गेलं, गुडघा हँडलवर आपटला. पुन्हा दाबलं, पुन्हा कट्. तिसऱ्यांदा मी सायकलीसकट रस्त्याकडेच्या काळ्या मातीत आडवी झाले.

कापसाची गाडी घेऊन एक म्हातारा येत होता. त्यानं बैल थांबवले. "काय व्हयनं व माय? पडनी का?"

"काही नाही, आबा. चेन घसरली."

"मंग पाय पाय चाल ना. पाय नही घसरतस."

नाना पुढून परत आले. त्यांनी माझा गुडघा पाहिला, चेन पाहिली, मग मागे रस्त्यावर नजर टाकली. त्यांच्या त्या बघण्यात मला एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. शेठ बरोबर होते. नवी चेन त्या झिजलेल्या, पुढे वाकलेल्या दातांवर चढून घसरत होती. सपाटीवर, हलक्या पायानं चालायची. जोर लावला की कट्. मी चढ पायी चढले, उतार बसून उतरले. पारोळ्यापर्यंत असंच. एकाच वेळी रस्ता, गुडघा आणि तो आवाज, तिन्ही डोक्यात घणघणत होते.

पारोळा

पारोळ्याला नानांच्या ओळखीच्या एका तेलघाणीवाल्याकडे उतरलो. घराच्या पुढच्या भागात घाणी, मागे बिऱ्हाड. साऱ्या घराला शेंगदाण्याच्या पेंडीचा वास. घरातल्या अक्कांनी चुलीत वांगी भाजली आणि हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून लाकडी बडगीत भरीत कुटलं. वरून कच्चं तेल, खाली कळण्याची भाकरी. उडीद-ज्वारीची ती काळसर भाकरी आमच्याकडेही होते, पण घाणीच्या ताज्या तेलाबरोबर तिची चव वेगळीच. मी खात होते, पण मन ओट्यावर ठेवलेल्या सायकलीत होतं.

सकाळी बाहेर आले तर चेनीवर काळा लगदा. घरमालकांनी पाहुणचार सायकलीलाही केला होता. दोन्ही चेनींवर पळीभर शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं.

"आता पळेल बघा घोड्यासारखी!" ते मोठ्या कौतुकानं म्हणाले.

खायचं तेल चेनीवर चिकट होऊन बसतं आणि रस्त्याची धूळ धरून ठेवतं. ओट्यासमोरून गाड्या जातच होत्या, तेवढी धूळ पुरली. ती धूळ पिनांमध्ये शिरली की पॉलिश पेपर घासल्यासारखी चेन आतून खरवडत राहते. पण हे त्या भल्या माणसाला कसं सांगायचं? मी अक्कांकडे हळूच घासलेट मागितलं. त्यांनी कंदिलाच्या बाटलीतलं थोडं वाटीत ओतून दिलं आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "मी त्यास्ले सांगेल व्हतं, नका वतू म्हनीसन."

मी चेन उतरवून घासलेटात बुडवली, चिंधीनं पुसली. मग तिथेच बसून राहिले. स्वच्छ झाली तरी ती घसरणारच होती. धुळ्यापर्यंत चढ होते.

नानांनी पिशवीत हात घातला आणि तळातून कागदाची पुरचुंडी काढली. आत माझी जुनी चेन.

"ही कशाला आणलीत?"

"शिंपी चिंधी टाकत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ती चेन पिशवीतच राहू दिली असती, तरी पुरे होतं. मी हरले असते. पण त्यांनी ती चेन माझ्या हातात दिली आणि तोंड धुवायला निघून गेले.

जुनी चेन जुन्या दातांवर अशी बसली, जशी जुनी चप्पल पायात बसते. घसरली नाही. फक्त केव्हा तुटेल ते सांगता येत नव्हतं.

मुकटीच्या अलीकडे

ती तुटली भर दुपारी. आवाज फार मोठा झाला नाही. बांगडी फुटावी तेवढाच. पायडल गरगर फिरलं आणि मागे रस्त्यावर चेन पडलेली दिसली. एका कडीची बाजूची पट्टी चिरली होती.

बाभळीच्या विरळ सावलीत मी सायकल उलटी केली. तेवढ्यात पारोळ्याकडून एसटी आली आणि आम्हाला बघून थांबली. कंडक्टर दारातून ओणवा झाला. "सायकली टाका वर. जागा आहे. धुळ्याला सोडतो."

मी नानांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. पैज त्यांनी घातली होती आणि ती आता संपली होती. ते म्हणाले असते, "चल," तर मला चलावं लागलं असतं.

"नको," नाना म्हणाले. "काम चालू आहे."

बस गेली. धूळ खाली बसली. मग नाना समोर उकिडवे बसले. "काय धरू?"

चिरलेली कडी काढून टाकायची होती. मी दोन दगडांच्या फटीवर ती आडवी ठेवली, पिनेवर खिळा टेकवला आणि वरून दगडानं ठोकलं. नाना चेन दोन्ही हातांनी ताणून धरत होते. दगड खिळ्यावरून सटकून एकदा माझ्या बोटावर बसला, एकदा त्यांच्या. मी दगड फेकून दिला, उठले, चार पावलं गेले, परत येऊन तोच दगड उचलला. पिन हलता हलेना. शेवटी निघाली, मग दुसरी निघाली. आता चेनीची दोन टोकं मोकळी झाली. ती जोडायला नव्या चेनीबरोबर मिळालेलं चेनलॉक होतं. लॉक म्हणजे एक सुटी कडी आणि तिच्यावर बसणारी माशाच्या आकाराची क्लिप. त्या माशाचं तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडे हवं आणि शेपटीकडची फट मागे. उलटं बसलं तर वाटेत कुठे घासून क्लिप उडून जाते. मी ते तीनदा तपासलं.

सायकल सुलट केली, पायडल फिरवलं. चाक फिरलं. नानांनी स्वतःच्या बोटाला धोतराची कड गुंडाळली होती. त्यावर रक्ताचा डाग आला होता. "चल," ते म्हणाले, "उन्हं कलतील."

त्या दुपारी मला वाटलं, बाप माझ्या बाजूचा झाला. धुळं दिसेपर्यंत मी गुणगुणत होते.

धुळे

धुळ्याला आत्याकडे उतरलो. आत्या नानांपेक्षा मोठी, विधवा, हातात सगळ्या गल्लीची सूत्रं. वरण-बट्टी केली होती, बट्ट्या तुपात बुडवून. आग्रह करकरून वाढलं. मला धुळं ओळखीचं. जळगावाहून इथे आलं की लोकांची चाल जरा संथ वाटते आणि बोलणं जरा धारदार. सकाळी उठून सायकलच्या दुकानात जायचं, फ्रीव्हील बदलायचं आणि दुपारच्या आत निघायचं, असं मनाशी ठरवून मी झोपले.

सकाळी उठले तर खुंटीवर आत्याची मोरपंखी साडी टांगलेली आणि चुलीवर पोह्यांची तयारी.

"आज कथी जाऊ नको," आत्या म्हणाली. "पाव्हना येतीन नऊ वाजता. पोऱ्याले कचेरीमा नोकरी शे. घरदार चांगलं शे."

"कोण पाहुणे? कुणाला बघायला?"

"मंग काय माले बघाले येतीन?"

नाना मोरीपाशी तोंड धुवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बादलीत बघत राहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पैज, सायकली, बरोबर येणं, सगळं मला इथपर्यंत आणण्यासाठी होतं. जळगावात मी पाहुण्यांसमोर बसले नसते. दोन वर्षांत बसले नव्हतेच. काल बाभळीखाली त्यांनी चेन धरली होती ती धुळ्यापर्यंत पोचायलाच ना! माझ्या अंगाची आग झाली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी फक्त म्हटलं, "सायकल दुरुस्तीला टाकून येते," आणि आत्या काही बोलायच्या आत सायकल घेऊन बाहेर पडले.

करीमचाचांचं दुकान माझं शिकतानाचं नेहमीचं. एक टपरी, पुढे निंबाचं झाड, झाडाला लटकलेल्या जुन्या ट्यूबा. चाचांनी चाक काढलं, फ्रीव्हील सोडवायचा पाना लावला आणि दांडा दाबला. फ्रीव्हील गंजून बसलेलं. हलेना. घासलेट सोडलं. थांबले. पुन्हा दाबलं. पान्याचे दातच निसटले.

"तौबा! ये तो शादी करके बैठ गया," चाचा म्हणाले. "अभी टाइम लगेगा, सिस्टर."

मी टपरीसमोर येरझाऱ्या घालायला लागले. समोरच्या दुकानातल्या घड्याळाचा काटा नवाच्या जवळ सरकत होता. मनात दोनच वाटा दिसत होत्या. घरी जाऊन त्या पाहुण्यांसमोर बसायचं, किंवा नानांना न सांगता एकटीनं शिरपूरला निघायचं. दुसरीसाठी चाक हवं होतं आणि चाक चाचांच्या हातात होतं.

तेवढ्यात नाना आले. धुवट धोतर, कोट, टोपी. आत्यानं मला आणायला पाठवलं होतं हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"पाहुणे आलेत," ते म्हणाले.

माझे हात कोपरापर्यंत काळे होते. नानांनी उलट्या सायकलीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. सूर्य निंबाच्या वर आला होता.

"अजून वेळ लागेल का?"

"लागेल."

नानांनी टोपी काढली. टपरीपुढच्या पत्र्याच्या डब्यावर कोटाची मागची बाजू सावरून बसले. "लागू दे," ते म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. काही कळलं नसावं, पण त्यांनी पाना पुन्हा लावला, दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि नानांना म्हणाले, "भाईसाहब, जरा हाथ लगाओ." कोट घातलेल्या नानांनी नळीला हात लावला. दोघांनी मिळून दाबलं. कडकन आवाज झाला आणि फ्रीव्हील सुटलं.

नवं फ्रीव्हील बसलं, त्यावर माझी काळी चेन. मग तेलावरून तिघांची जुंपली. चाचा म्हणत, ग्रीस थापा, वर्षभर बघायला नको. नानांनी खिशातून ती कुपी काढली. मी म्हटलं, ग्रीस धुळीला चिकटून बसतं आणि मशीनचं तेल टिकत नाही. जाडसर तेल हवं, प्रत्येक गोल रुळावर एकच थेंब. मग चेन फिरवून वरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर नको. शेवटी चाचांनी आपल्या डब्यातलं तेल दिलं, मी माझ्या पद्धतीनं घातलं आणि नानांनी पुसायला आपला रुमाल दिला. चेन वरखाली बोटानं दाबून पाहिली. पाऊण इंच खेळ. ना ताठ, ना लोंबती.

घरी गेलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. आत्या चुलीपुढून उठली नाही. "मन्हं नाक कापं तुम्ही दोन्हीस्नी!" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि ठेचा उंबऱ्यावर आणून ठेवला. हातात दिला नाही. "तो ठेचा तिखट शे. पानी घ्या संगे," असं भिंतीला सांगून आत गेली.

सोनगीर

धुळ्याहून उत्तरेकडे वळलं की वारा समोरून येतो. हिवाळ्यात तो सातपुड्यावरून उतरतो आणि सायकलवाल्याला मागे ढकलत राहतो. आम्ही खाली वाकून, बोलणं शक्य नाही अशा चालीनं जात होतो. ते बरं होतं. बोलायला माझ्याकडे चांगलं काही नव्हतं.

मी चढावर उभी राहिले, जोर दिला. कट् झालं नाही. पुन्हा दिला. चेन गुपचूप फिरत होती. किती बरं वाटलं असतं, पण मी अजून रागातच होते.

सोनगीरला पोचलो तेव्हा किल्ल्याच्या टेकडीवर तांबडं ऊन होतं आणि गावातून तांबटांच्या हातोड्यांचा आवाज येत होता. सगळ्या गल्लीत कुणी हंडा, कुणी परात ठोकत होतं. एका देवळाच्या ओसरीवर उतरलो आणि आत्याच्या भाकऱ्या सोडल्या. ठेचा खरंच तिखट होता. डोळ्यांतून पाणी यायला एक निमित्त मिळालं.

"तुम्ही फसवलंत मला," मी म्हटलं.

"हो," नाना म्हणाले. "जळगावातून निघालो तेव्हा फसवायचंच होतं."

"आणि एसटी? ती का सोडली? बसनं गेलो असतो तर तासाभरात धुळं."

नानांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "माझी सुई तुटली ना, की मी उठतो. पाणी पितो, विडी ओढतो, चार लोकांना शिव्या देतो. मग परत बसतो. तू दगड फेकलास, चार पावलं गेलीस आणि परत आलीस. तेव्हा मला वाटलं, हिला धुळ्यात बसवून काय होणार? पण ताईला काय सांगू? तिनं पाहुणे बोलावून ठेवलेले. रात्रभर सुचलं नाही. सकाळीही सुचलं नाही. तुझ्यामागे निघालो तेव्हासुद्धा तुला घेऊनच यायचं होतं."

"मग?"

"मग तुझे ते काळे हात पाहिले. त्यांत पोह्यांची बशी द्यायला माझं मन होईना," ते म्हणाले आणि उरलेली भाकरी गुंडाळायला लागले.

माझा राग एकदम गेला नाही. पण तो आता नानांकडे तोंड करून बसला नव्हता. कुठेतरी रस्त्याकडे बघत होता.

पायथ्याशी

दुसऱ्या दिवशी नरडाणा ओलांडून तापीवर आलो. पुलावर दोघंही उतरलो. पात्र रुंद, पाणी एका काठाला. पलीकडे सातपुडा निळा, आणि जसजसं जवळ जावं तसतसा तपकिरी होत जाणारा. शिरपूरला डॉक्टरांनी हजर करून घेतलं आणि सायकलकडे बघून म्हणाले, "ह्याच्यावरून आलात? मग निभावेल."

उपकेंद्र शिरपूरहून आणखी आत, डोंगराला खेटून. कुडाची घरं, शेणानं सारवलेल्या भिंती, दारात मक्याची कणसं टांगलेली. पाड्यांवरचे लोक पावरी बोलतात. ती मला कळत नव्हती, त्यांना माझं मराठी अर्धंच कळत होतं. नानांची अहिराणी मात्र दोन्हीकडे चालली. जळगावात मी ती बोलायला लाजायची. इथे पहिल्याच दिवशी नानांकडून चार शब्द मागून घ्यावे लागले.

आम्ही पेटी उघडून बसतोच आहोत तोवर एक माणूस धावत आला. त्याच्या बोलण्यातलं एकच कळलं, बायको, आणि कालपासून. मी पिशवी उचलली. पाडा नाल्यापलीकडे, चढावर. दगडगोट्यांची वाट. तो माणूस पुढे धावत होता, मी मागे सायकलवर. जिथे चालवता येत नव्हती तिथे खांद्यावर घेतली. चेन एकदाही सुटली नाही. बाळाचा पाय आधी आला होता. मी एवढं मनातल्या मनात कधीच पुटपुटले नसेन. उन्हं उतरायच्या सुमाराला मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली. आईला रक्त फार गेलं नाही.

परतले तेव्हा संधिप्रकाश होता. नाना उपकेंद्राच्या पायरीवर उभे होते. बसलेले नव्हते. मला बघून दोन पावलं पुढे आले.

"वेळेवर पोचलीस?"

"पोचले. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी सायकल माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकवली. टेकवून तिथेच, पाठमोरे उभे राहिले. "तुझ्या आईच्या वेळी सुईण पलीकडच्या गावाला होती," ते म्हणाले. "मी चालत गेलो आणतो म्हणून. चालत."

आईबद्दल एवढं त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी आत जाऊन चूल पेटवली आणि त्या संध्याकाळी आम्ही खिचडी खाल्ली, थोडी करपलेली.

सकाळी त्यांना निघायचं होतं. मी त्यांना सडकेपर्यंत पोचवणार होते, भाकरी बांधून देणार होते, एक-दोन गोष्टी बोलणार होते. पण उजाडता उजाडता दुसऱ्या पाड्यावरून बोलावणं आलं. आम्ही दोघं एकदमच सायकली बाहेर काढल्या. गावाबाहेर वाट फुटते, एक शिरपूरकडे उतरते, एक डोंगरात शिरते. तिथे मी ब्रेक दाबला.

"नाना, थोडं..."

"थांबू नकोस," नाना म्हणाले. ते स्वतःही थांबले नव्हते. हात वर करून उतारावर निघाले, त्याच एका लयीत, पायडलामागून पायडल.

मी डोंगराकडे वळले. पुढे चढ होता. मी उभी राहिले आणि जोर दिला.